पाळणा रिकामा नेत नाहीत

(तिएन-शानच्या डोंगरातलं उंचावरचं एक कुरण. सोव्हिएत काळ, उन्हाळ्यातली भर दुपार. गवताच्या धावपट्टीवर दुहेरी पंखांचं एक लहान विमान उभं आहे. शेजारी लोकर तोलायचा फळीचा मोठा काटा, एक जुना लाकडी पाळणा आणि एक मेंढा.)

झपार: मेंढा नाही म्हणजे नाही, आपा.

बुरुल आपा: अरे, त्याला कुठं खुर्ची हवीय? माझ्या पायाशी बसेल. माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो, ओरडायचासुद्धा नाही.

मुकाके: ओरडायचा नाही हे खरं. पण मागच्या खेपेला त्या शेळीनं टपालाची अर्धी थैली खाल्ली, वहिनी. खालच्या लोकांची पत्रं तिच्या पोटात गेली. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं तिलाच ठाऊक.

बुरुल आपा: तू गप रे मुका. तुला सामुदायिक शेतानं, कोलखोजनं, धावपट्टीवरची घोडी हाकलायला ठेवलंय, माझ्या बोलण्यात तोंड घालायला नाही.

मुकाके: घोडी हाकलतो, मेंढ्याही हाकलतो. थोरल्या भावाची बायको तेवढी हाकलता येत नाही. आमच्यात पद्धत नाही ना.

झपार: आपा, माझं ऐक. विमानात सुयून कण्हतोय, ऐकू येतंय ना? कालपासून पोट दगडासारखं झालंय त्याचं. त्याला नारीनच्या दवाखान्यात पोचवायचंय, म्हणून तर मी भर दुपारी आलो. तो आडवा, उशाशी त्याचा भाऊ. पुढे मी आणि माझा जोडीदार. एवढं झाल्यावर एका माणसाचं वजन उरतं. ते मी तुझ्यासाठी राखून ठेवलंय. मेंढ्यासाठी नाही.

बुरुल आपा: आणि लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जाऊ? विहीण काय म्हणेल?

मुकाके: म्हणेल, आली बाई एकदाची.

बुरुल आपा: तुझ्या जिभेला कधी काटा टोचत नाही का रे? बरं. राहिला मेंढा. तुझ्या कळपात बांध त्याला. पण मी परत येईस्तोवर कापलास तर बघ.

मुकाके: मी कशाला कापीन? तुझ्या हातचं खाऊन वाढलाय म्हणतेस. तो फार तर मलाच टोमणे मारील.

झपार: आता तो पाळणा, आपा.

बुरुल आपा: पाळण्याचं काय?

झपार: मी उचलायला गेलो मघाशी. हलेना. पाळणा आहे की लोहाराची ऐरण?

बुरुल आपा: आत थोडं लोणी आहे.

झपार: थोडं?

बुरुल आपा: मेंढ्याच्या कोथळ्यात भरलेलं. दोन कोथळे. मग वाळवलेल्या दह्याचे गोळे आहेत, पिशवीभर. मिठाचा खडा. भाजलेल्या जवाचं पीठ. भाकऱ्या.

मुकाके: आणि जातं.

बुरुल आपा: जातं नाही! जात्याची वरची तळी तेवढी. खालची घरीच ठेवलीय.

झपार: जात्याची तळी? विमानात?

बुरुल आपा: माझी मायराम बाळंतीण आहे, पोरा. गिरणीच्या पिठाची पेज तिला मानवत नाही. तिला लहानपणापासून याच तळीखालचं दळण लागतं.

झपार: वरची तळी नेऊन खाली काय लावणार, आपा?

बुरुल आपा: ते पुढच्या खेपेला नेईन की.

मुकाके: बघ झपार, हिला इंजिनाचं काम दे. सुटे भाग एकेक करून खाली पोचवील. वर्षभरात तिकडे दुसरं विमान उभं राहील.

झपार: आपा, पाळणा ने. हवं तर मी मांडीवर घेऊन बसतो. पण आतलं सगळं काढ.

बुरुल आपा: सगळं कसं काढू? पाळणा रिकामा नेत नाहीत.

झपार: माहीत आहे मला.

बुरुल आपा: माहीत आहे, तर असं तोंडातून काढतोस कसं? तुझ्या आईनं तुला काही शिकवलं नाही का? रिकामा पाळणा घराबाहेर काढत नाहीत, हलवत नाहीत. हलला तर... पुढचं मी बोलत नाही. मायरामची कूस तीनदा भरली आणि तीनदा रिती झाली, पोरा. तिन्ही वेळा शहरातली लोखंडी खाट आणली होती त्यांनी. चाकं लावलेली. तेव्हा मी काही बोलले नाही. जावयाचं घर, आपण काय बोलायचं. या वेळी लेकीनं निरोप धाडला, आई, आपला पाळणा आण.

मुकाके: त्या पाळण्यातलं एकही मूल गेलेलं नाही, झपार, हे मात्र खरं. माझा भाऊ त्यात वाढला, मी वाढलो.

बुरुल आपा: तुझ्या खुणा अजून आहेत तळाच्या फळीवर. किती घासलं तरी वास जात नाही.

मुकाके: जुना ऐवज आहे तो. जपून ने.

बुरुल आपा: उद्या सकाळी बाळाला पाळण्यात घालायचंय. आईकडच्या आजीनं पाळणा आणायचा आणि आजीनंच पहिल्यांदा बांधायचं, अशी रीत आहे. खालचा पूल पुरानं नेला, घोड्यावरून वाट नाही. तू आता सोडून गेलास तर पुन्हा येणार गुरुवारी. तोवर त्याला परत त्या लोखंडी खाटेवर निजवतील. आता सांग, मेंढा ठेवला मी, हेसुद्धा ठेवू? सकाळच्या खेपेला तर तू सात जणांना घेऊन गेलास. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यात तो जाड्या हिशेबनीसही होता.

झपार: सकाळी गारवा होता, आपा.

बुरुल आपा: गारव्यात हिशेबनीस हलका होतो का?

झपार: हिशेबनीस तेवढाच राहतो. हवा बदलते. सकाळी ती गार असते, घट्ट असते, पंखांना खालून टेकू देते. दुपारी तापली की पातळ होते. त्यात आपण आधीच एवढ्या उंचावर.

बुरुल आपा: पातळ व्हायला हवा म्हणजे काय ताक आहे?

झपार: ताकच समज. घुसळताना रवीला दह्याचा जोर लागतो ना हाताला? आणि नुसतं पाणीच असलं तर?

बुरुल आपा: तर रवी रिकामी फिरते. वर काही येत नाही.

झपार: आमचं पुढचं पातंही तसंच रिकामं फिरतं. आवाज मोठा, पण वर काही जात नाही. धावपट्टी संपते आणि पुढे ती घळ.

बुरुल आपा: मग ऊन उतरू दे. चहा घे माझ्याकडे. मीठ, साय, सगळं तुझ्या आवडीचं.

झपार: सुयून थांबेल का तोवर?

बुरुल आपा: नाही. तो नाही थांबायचा. त्याला थांबवू नको.

झपार: म्हणून सांगतो, त्या काट्यावर उभी राहा एकदा. किती जागा आहे ते नेमकं कळू दे.

बुरुल आपा: काय म्हणालास?

मुकाके: अरे देवा.

बुरुल आपा: लोकरीच्या काट्यावर? मी? जिवंत माणसाला तोलतात का रे कुठं? तोलतात ते कापायच्या मेंढ्याला. माझ्या बापानं मला कधी तोललं नाही, नवऱ्यानं नाही, आणि तू तोलणार?

मुकाके: भावाची हिंमतच नव्हती, वहिनी.

झपार: मी सगळ्यांना तोलतो, आपा. हिशेबनिसालाही उभं केलं सकाळी. पोट आत ओढून उभा राहिला, जसा काही काट्याला फसवणार होता.

बुरुल आपा: त्याला नजर लागली तरी त्याच्याकडे पुष्कळ आहे. माझ्या अंगावर आता हाडं राहिलीत. डोळ्यांनी अंदाज घे. पूर्वी सगळे वैमानिक डोळ्यांनीच घ्यायचे.

झपार: आणि पूर्वी विमानं पडायची, आपा.

मुकाके: विमानं काय नुसत्या वजनानं पडतात? त्याला शंभर कारणं. त्या पलीकडच्या खोऱ्यातलं ठाऊक आहे ना, वहिनी? एक म्हातारा बसला होता पाठीमागे. ढगात शिरल्यावर त्याला वाजली थंडी. त्यानं गाठोड्यातून काढला स्टोव्ह, पेटवला आणि ठेवली किटली. वैमानिकाला वास आला म्हणून मागे वळून बघतो, तर म्हातारा म्हणतो, "बाळा, तुझ्या चहात साय घालू ना?"

बुरुल आपा: मग?

मुकाके: मग काय! भीतीनं वैमानिक असा झपकन खाली आला की एका पठारावर चाकं मोडून बसला. माणसं वाचली. किटली गेली. म्हातारा अजून लोकांना सांगतो, नव्या पिढीला पाहुणचार कळत नाही.

बुरुल आपा: हसवू नको मला. मी रागावलेय.

मुकाके: आणि ते शिंगराचं? वैमानिक जेवायला गेला होता. मेंढपाळानं बघितलं, विमानाची सावली चांगली पडलीय. त्यानं शिंगरू आणून बांधलं शेपटीला. इंजिनाचा आवाज झाला तसं ते बिथरलं, आणि दोर सुटेपर्यंत शेपटीचं सुकाणू वाकलं. मेंढपाळ शिंगरू घेऊन गुपचूप निघून गेला. वैमानिक मेंढपाळाच्याच घरी जेवलेला, त्याला जाता जाता वाईट बातमी कशी द्यायची, म्हणून बोलला नाही. हवेत गेल्यावर वैमानिक सुकाणू उजवीकडे दाबतो आणि विमान जातंय डावीकडे.

बुरुल आपा: अगं बाई! मेला का रे तो?

मुकाके: नाही. बटाट्याच्या शेतात उतरला. बटाटे गेले.

झपार: एक सांगू, आपा? मी बारा वर्षं उडतोय. कुणाच्या वाईटावर असलेल्या माणसानं पाडलेलं विमान मी अजून बघितलेलं नाही. सगळी मायेनं पडतात. कुणी चहा करतो, कुणी शिंगराला सावली देतो, कुणी वाईट बातमी सांगायचं टाळतो.

मुकाके: आणि ते लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेलं...

बुरुल आपा: थांबलास का?

मुकाके: काही नाही, वहिनी. मेंढा बांधून येतो.

बुरुल आपा: मेंढा कुठं पळत नाही. बोल. तोंडापर्यंत आलंय ते गिळू नको.

मुकाके: माझी जीभ घसरली.

बुरुल आपा: सहा वर्षं झाली, माझ्यासमोर सगळ्यांची जीभ आवरते. मी आले की बायका दह्याचं बोलतात, लोकरीचं बोलतात. माझा मुलगा याच धावपट्टीवरून उडाला आणि त्या घळीत पडला, हे काय मला ठाऊक नाही? दार उघडलं की समोर घळच दिसते मला.

झपार: आपा...

बुरुल आपा: तू त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतास, झपार. दर उन्हाळ्यात येतोस, माझ्या हातचा चहा पितोस, सरपण फोडून देतोस, माझ्या केनेशच्या जागी बसून जेवतोस. पण त्या दिवसाचं कधी बोलला नाहीस.

झपार: तू विचारलं नाहीस.

बुरुल आपा: भीती वाटायची. जिल्ह्याहून माणसं आली, वैमानिकाची चूक म्हणाली आणि गेली. मग लोक म्हणायला लागले, प्यायला होता. मायराम म्हणते, मुलाचं नाव केनेश ठेवायचं. मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शाळेत पोरं म्हणतील, विमान पाडणाऱ्याचं नाव. आता विचारते. प्यायला होता का तो?

झपार: चहा प्यायला होता. तुझ्या घरचा. मीही प्यायलो होतो. दुसरं काही नाही, आपा. माझ्या पोरांची शपथ.

बुरुल आपा: मग कसा पडला?

झपार: मुकाके, तुम्ही सांगता का?

मुकाके: मला नाही जमायचं. तूच सांग. मी इथंच आहे.

झपार: नवरीला खाली पोचवायचं होतं. अशीच दुपार होती. नवरीबरोबर तिचे आईबाप, दोन करवल्या आणि अंथरायचे जाड लोकरीचे मोठे बुरणूस, तिच्या आईनं आणि आजीनं मिळून केलेले. केनेशनं नवरीच्या बापाला विचारलं, बुरणूस किती वजनाचे भरतील? त्यानं सांगितलं. तो खोटं बोलला नव्हता, आपा. कोरडे तेवढेच भरायचे.

बुरुल आपा: आदल्या रात्री पाऊस होता.

झपार: हो.

बुरुल आपा: आठवतोय मला तो पाऊस. भिजलेला बुरणूस उंटाला बसवतो. हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

झपार: कळतं. नवरीच्या बापाला कळत होतं, मुकाकेंना कळत होतं, केनेशला तर कळत होतंच, तो इथलाच. पण लग्नघरी तोलायचं कुणी? नवरीच्या रुखवताला काटा लावायचा म्हणजे तिच्या आईचा अपमान. बरं, ठेवून जा म्हणावं, तर नवरी बुरणुसांशिवाय सासरी गेली असं होणार. केनेशनं त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं आणि मला म्हणाला, जाईल रे.

बुरुल आपा: असंच म्हणायचा तो. "जाईल रे." दूध उतू जात असलं तरी म्हणायचा, जाईल रे.

झपार: चाकं जमिनीवरून सुटली. पण वर जाईना. घळ ओलांडली असती, पण पलीकडचा कडा आला. झाडांवर उतरवायचं ठरवलं त्यानं. शेवटच्या क्षणाला विमान वळलं, आणि एक खडक होता तो त्याच्या बाजूला लागला. माझ्या बाजूला झाडं आली. मागच्या कुणाला काही झालं नाही, नवरीचा पाय तेवढा मोडला.

बुरुल आपा: त्यानं वळवलं?

झपार: माहीत नाही, आपा. सहा वर्षं मी तेच आठवून बघतोय. त्यानं वळवलं की आपोआप वळलं, मला सांगता येत नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं असतं, पण तू खरं विचारलंस.

बुरुल आपा: हं.

मुकाके: ती मुलगी अजून मला साय धाडते, वहिनी. दोन पोरं आहेत तिला. थोडं लंगडते. तुझ्यासमोर यायला धजत नाही.

बुरुल आपा: वेडी आहे. धाड तिला. माझ्या दारात कुणी लंगडत आलं म्हणून मी काय हाकलते?

मुकाके: मी लंगडतच येतो की रोज.

बुरुल आपा: तुला हाकलते. तू जात नाहीस.

झपार: आपा, सुयूनचा भाऊ हात करतोय. मला निघायला हवं.

बुरुल आपा: म्हणजे केनेशची चूक नव्हती.

झपार: होती. चूक त्याचीच होती. ती कुठली, ते कुणी नीट सांगितलं नाही एवढंच. त्याला उडवता येत नव्हतं असं नाही. माझ्यापेक्षा चांगला उडवायचा. त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

बुरुल आपा: लहानपणापासून. हातातली भाकरी मागितली की द्यायचा. मी कौतुक करायचे रे. सगळ्यांना सांगत सुटायचे, माझ्या केनेशच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नाही.

झपार: आम्हालाही तो त्यासाठीच आवडायचा.

बुरुल आपा: तू मात्र म्हणतोस. मेंढ्याला नाही, लोण्याला नाही, जात्याला नाही. सकाळपासून त्या हिशेबनिसालासुद्धा म्हणाला असशील. आणि आता केनेशच्या आईला म्हणतोस. केनेश असता तर त्यानं मला नेलं असतं. पाळण्यासकट, मेंढ्यासकट.

झपार: हो, आपा. केनेशनं नेलं असतं.



मुकाके: वहिनी? पाणी आणू का?

बुरुल आपा: मुका, ही तळी काढ आधी. सावकाश. पायावर घेशील, आधीच एकच धड आहे.

मुकाके: काढतो. लोणी?

बुरुल आपा: दोन्ही काढ. एक तुझं, एक त्या लंगड्या मुलीला दे. म्हणावं, बुरुलनं दिलंय. दह्याचे गोळे पोरांना वाट. मीठ घरी टाक. पीठही काढ, भाकऱ्याही.

झपार: आपा, थोडं पीठ राहू दे. तेवढं चालेल.

बुरुल आपा: नाही. पीठ चाललं की मीठ चालतं. हळूहळू जातं येतं. मला ठाऊक आहे माझा स्वभाव, केनेशला दिला तो मीच.

झपार: आता तेवढं काट्यावर...

बुरुल आपा: ते मी करणार नाही. तुझं खरं असेल, पण म्हातारपणी मी मेंढा व्हायची नाही.

झपार: तुला नाही तोलायचं. मला पाळणा तोलायचाय. लाकूड आहे, लाकडाला नजर लागत नाही. पण काट्यावर एकटा ठेवला तर कलंडेल. तू फक्त धरून उभी राहा.

बुरुल आपा: कुठं उभी राहू?

झपार: तिथं, फळीवरच. दोन्ही पाय फळीवर हवेत, नाहीतर काटा डुगडुगतो.

बुरुल आपा: मी एवढी खुळी दिसते का रे तुला?

झपार: नाही, आपा.

बुरुल आपा: मुका, तू तिकडे बघ. आकाशाकडे बघ. हं. धरला पाळणा. तोल तुझं लाकूड.

झपार: दोन कोट का घातलेस?

बुरुल आपा: ढगात थंडी असते म्हणून. मी काही तिथं स्टोव्ह पेटवणार नव्हते.

झपार: वरचा भिजलेला आहे का?

बुरुल आपा: सकाळी दवात धुणं वाळत होतं... थांब. हे घे. वरचा काढला. काय म्हणतं लाकूड?

झपार: बसतं. अगदी नेमकं बसतं, आपा. वर काही नाही, खाली काही नाही.

मुकाके: मी आता बघू का? एवढं हलकं लाकूड मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

बुरुल आपा: बघ. आणि माझा कोट वाळत घाल. नुसताच खांद्यावर टाकून मिरवू नको.

झपार: चला. मी पाळणा आत ठेवतो.

बुरुल आपा: अजून एक भाकरी आहे त्यात, आत्ताच खालच्या फडक्यात ठेवली. ती मी काट्यावर चढताना कोटाखाली धरून उभी होते म्हणून सांगते, नाहीतर म्हणशील चोरून नेली. म्हणजे भरली तीसुद्धा.

झपार: मग राहू दे ना भाकरी. पाळणा रिकामा जाणार नाही, आणि वजनात तर ती आलेलीच आहे.

बुरुल आपा: सुयूनच्या भावानं कालपासून काही खाल्लेलं नाही. त्याला दे. तो खाईल.

झपार: मग पाळण्यात काय ठेवायचं? माझी टोपी ठेवू का? रीत म्हणून.

बुरुल आपा: वैमानिकाची टोपी माझ्या नातवाच्या पाळण्यात? एक दिला तेवढा पुरे. टोपी तुझ्या डोक्यावरच ठेव आणि डोकं ठिकाणावर ठेव.

मुकाके: वहिनी, नावाचं काय सांगशील मायरामला?

बुरुल आपा: ठेव म्हणेन. केनेशच ठेव. पण पोराला पहिला शब्द शिकवायचा 'नाही'. आई, बाबा, दूध, ते सगळं मागाहून.

मुकाके: आजीवर गेला तर शिकवायला लागणार नाही.

बुरुल आपा: जा रे, घोडी हाकल तुझी. ती बघ, कुणाचं तरी शिंगरू शेपटीकडे निघालंय.

मुकाके: हैऽऽ! हट्! कुणाचं आहे हे?

झपार: हात दे, आपा. पायरी उंच आहे. इथं बस, खिडकीशी. पट्टा मी बांधतो.

बुरुल आपा: घट्ट नको. पाळणा इकडे दे, मांडीशी. त्याच बाजूनं जाणार का आपण? घळीवरून?

झपार: त्याच बाजूनं. वारा तिकडूनच आहे.

बुरुल आपा: तुला भीती वाटते का?

झपार: दर वेळी.

बुरुल आपा: बरं आहे. वाटू दे.

झपार: आपा, पाळणा अजून रिकामाच आहे. इंजिन सुरू झालं की तो हलायला लागेल. काहीतरी ठेवूया ना आत. तूच सांग, काय ठेवू?

बुरुल आपा: तू पुढं जाऊन बस. मी त्यात माझा हात ठेवलाय. तो माझ्याबरोबर तोललेलाच आहे.